उशीर कोणी केला?

माद्रिद,
१४ जून

प्रिय मित्रा,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र समोर ठेवून बसलोय. ‘उत्तराला उशीर झाला’ असं लिहिलं आणि तिथेच पेन थांबलं. गेलं वर्षभर मी इथे नेमकं हेच शिकतोय रे, की उशीर झाला म्हणजे कोणाला झाला आणि कोणी केला.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. रात्री साडेनऊला जेवायला बसतात, माझंही पान मांडतात. पहिल्याच महिन्यात ऑफिसात अडकलो आणि त्यांना मेसेज टाकला, ‘एस्तोय तार्दे’. डोक्यात ‘आय अॅम लेट’ हे इंग्रजी वाक्य होतं, त्यावर स्पॅनिश शब्द बसवले, झालं. घरी पोचलो तर बाईंनी आधी गरम सूप पुढे सरकवलं, मी दोन घास खाल्ल्यावर चष्मा लावून फोन माझ्यासमोर धरला. असं कोणी म्हणत नाही, म्हणाल्या. ‘येगो तार्दे’ म्हणायचं, म्हणजे ‘उशिरा पोचतोय’. वाटेत असलो तरी हेच. आणखी एक बजावलं: स्वतःला ‘रेत्रासादो’, म्हणजे ‘उशीर झालेला’, कधी म्हणू नकोस. गाडीला चालतं, माणसाला लावलं की मतिमंद असा अर्थ होतो, शिवीच ती.

‘तार्दे’ म्हणजे उशिरा, आणि ‘तार्दे’ म्हणजे दुपारही. सध्या इथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्री आठला पाववाला ‘बुएनास तार्देस’ म्हणतो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याच कुळातलं क्रियापद ‘तार्दार’. याने मला खरा धडा शिकवला. एका सहकाऱ्याला सातला आतोचा स्टेशनवर भेटायचं होतं. वीस मिनिटं उशीर होणार म्हणून मी साडेसहाला कळवलं, ‘तार्दो वेइन्ते मिनूतोस’. त्याचा अर्थ ‘मला यायला वीस मिनिटं लागतील’. बिचारा हातातलं काम टाकून सातला दहा कमी असतानाच येऊन उभा राहिला, आणि मी उगवलो सात वीसला! त्याचा कोट खांद्यांवर भिजलेला होता. तो एक शब्दही बोलला नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

गाड्यांची भाषा मात्र मला फार आवडते. आपल्याकडे गाडी ‘वीस मिनिटं उशिराने धावत असते’. इथे ती वीस मिनिटांचा ‘रेत्रासो’ घेऊन येते, अंगावर ओझं असावं तशी. माद्रिद ते सेव्हिया ही ‘आवे’ नावाची वेगवान गाडी १९९२ साली सुरू झाली, आणि १९९४ पासून पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, असं वचन होतं. पुढे ते सैल केलं. पण पाच मिनिटं! इतकं नेमकं वचन कोणी देतं याचंच मला अजून अप्रूप वाटतं.

आणि मग एके दिवशी बाईंच्या तोंडून ऐकलं, ‘से मे आ एचो तार्दे’. मी वहीत लिहून घेतलं आणि बघतच राहिलो. शब्दाला शब्द ठेवून पाहा: ‘मला उशीर झाला’. अगदी आपलंच वाक्य! उशीर आपोआप झाला, मी फक्त त्यात सापडलो. किती हायसं वाटलं सांगू, परक्या भाषेत आपल्या घरचा उंबरा दिसावा तसं. त्यानंतर दोन महिने मी तेच वाक्य सगळीकडे वापरलं. बाईंनी ते ओळखलं असावं. एका रात्री मी दार उघडताच त्या म्हणाल्या, ‘कुआन्तो आस तार्दादो!’ म्हणजे ‘किती उशीर लावलास!’ आई म्हणायची तस्सं. इथे उशीर लावणारा मीच.

तू फेब्रुवारीत लिहिलं होतंस, काकांचं ऑपरेशन झालंय, रात्री झोप येत नाही, काहीही लिही पण लिही. पत्र आलं त्याच दिवशी मी ते वाचलं होतं. नीट लिहू, सवडीने लिहू म्हणत चार महिने घालवले. म्हणून वरचं वाक्य खोडलंय, तिथली शाई तुला दिसेलच.

‘ए तार्दादो एन कोन्तेस्तार्ते.’ तुला उत्तर द्यायला मी उशीर लावला. मला माफ कर.

काका आता जिना चढतात का? आणि तुला झोप लागते ना?

तुझाच,
जुना बाकसोबती