दर महिन्याच्या मदतीबद्दल, सुनील गावसकर यांना

आदरणीय सुनीलजी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या फलंदाजीबद्दल तुम्हाला आजवर असंख्य पत्रं आली असतील. हे पत्र त्याबद्दल नाही. १९९९ साली तुम्ही चॅम्प्स फाउंडेशन सुरू केलंत आणि देशासाठी खेळून पुढे हलाखीत दिवस काढणाऱ्या खेळाडूंना दरमहा ठरलेली रक्कम पोचवू लागलात, त्यासाठी मनापासून आभार मानायला मी लिहिते आहे. मला स्वतःला त्यातून काही मिळालेलं नाही. मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते, त्याआधी कबड्डी खेळायचे. उभं आयुष्य मैदानाच्या कडेला गेलं आणि मैदान सुटल्यावर खेळाडूचं काय होतं, ते फार जवळून बघत आले. ज्यांच्यासाठी तुम्ही हे केलंत त्यांच्याच जातकुळीतली मी आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे खेळाडूचा सन्मान होतो तो शाल-श्रीफळ देऊन. जत्रेत होतो, गणेशोत्सवात होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात होतो. मंचावर टाळ्या मिळतात, फोटो निघतो. त्यात लोकांचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्याच्या खांद्यावर ती शाल पडते, त्याच्या घरी किराण्याची उधारी असते, गुडघ्याचं दुखणं असतं, रक्तदाबाची गोळी रोजची असते. ही देणी महिन्याच्या महिन्याला दारात उभी राहतात. सत्कार वर्षातून एखादाच. तुम्ही ही गोष्ट ओळखलीत, आणि मदतीला पगारासारखी तारीख दिलीत. माझ्या मते तुमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

गोपाल भेंगरा यांच्याबद्दल मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ते कात्रण शाळेच्या फलकावर लावलं होतं. १९७८ साली ब्युनॉस आयर्सच्या हॉकी विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा माणूस. गाव खुंटीकडचं, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधलं आणि आताच्या झारखंडातलं. लष्करातली नोकरी संपली, निवृत्तिवेतनात घर चालेना, आणि भारताचा हा माजी हॉकीपटू खडी फोडण्याच्या कामाला लागला. देशात कितीतरी लोकांनी ती बातमी वाचली असेल, हळहळले असतील, पान उलटलं असेल. तुम्ही वाचलीत आणि त्यांना दरमहा पैसे पाठवायला लागलात. ना तो तुमच्या खेळातला, ना तुमच्या राज्यातला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भेंगरा गेले, तोवर दोन दशकं उलटून गेली होती. इतकी वर्षं एखाद्याची आठवण ठेवायची आणि तीही दर महिन्याला, हे माझ्यासारख्या पगारदार बाईला फार मोठं वाटतं. एकदाच भरभरून देणं त्यामानाने सोपं असतं.

त्यांच्यासारख्यांची अडचण कुठे होते, हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून इथे लिहिते. केंद्र सरकारची गुणवंत खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाची योजना १९९४ पासून आहे आणि ती चांगली आहे. पण ती पदकावर चालते. ऑलिंपिक, आशियाई स्पर्धा, राष्ट्रकुल, विश्वचषक अशा ठिकाणी पदक असेल तर दार उघडतं. १९७८ च्या त्या विश्वचषकात आपला संघ सहावा आला होता. सहाव्या क्रमांकासाठी खेळाडूचा घाम कमी गळतो असं नाही. सराव तेवढाच, घर सोडून राहणं तेवढंच, दुखापती तेवढ्याच. पदकाच्या अलीकडे थांबलेल्या अशा माणसांसाठी सरकारी कागदावर रकाना नसतो. तुमच्या फाउंडेशनने तो ठेवला. भारताकडून खेळलेला आणि आज अडचणीत असलेला, एवढं तुम्हाला पुरलं. सोल ऑलिंपिक खेळलेले हॉकीपटू एम. पी. सिंग मूत्रपिंडाच्या आजाराशी झुंजत होते तेव्हाही, २०२० साली, तुमचं फाउंडेशन त्यांच्या उपचारांसाठी पुढे आलं.

मी ज्या भागातून लिहिते आहे तो खाशाबा जाधवांचा. गोळेश्वर कराडला लागूनच आहे. १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशांवर आलं. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या ठरवल्या, त्या मारल्या, आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. ही हकीकत आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे आणि ती सांगताना अजूनही माझा आवाज भरून येतो.

पण मिरवणुकीच्या पुढचा भाग आम्ही मुलांना फारसा सांगत नाही. १९५५ साली खाशाबा पोलिसात फौजदार झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, याचा आम्हाला अभिमान आहेच. तरीही मला नेहमी वाटतं, पैलवानाला हेलसिंकीला पोचवणारे खर्डेकर आम्हाला लाभले, पण पैलवान म्हातारा झाल्यावर त्याच्या दारात दर महिन्याला येणारा माणूस त्या काळात नव्हता. खेळाडूला पाठवायला सगळं गाव येतं. तो परत आल्यावर, पदक जुनं झाल्यावर, त्याच्याकडे बघायला कोण असतं? तुम्ही नेमकी ही जागा धरलीत.

विनोद कांबळींबद्दलही लिहिते, कारण त्यावरून आमच्याकडे चहाच्या टपरीपासून घराघरात बरंच बोललं गेलं. २०२५ च्या जानेवारीत वानखेडेच्या पन्नाशीच्या समारंभात ते तुमच्या पाया पडले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. एप्रिलपासून तुमच्या फाउंडेशनने त्यांना दरमहा तीस हजार रुपये, आणि औषधपाण्यासाठी वर्षाला आणखी तीस हजार, असं आजन्म द्यायला सुरुवात केल्याच्या बातम्या आल्या. लोक म्हणाले, त्यांनी स्वतःच स्वतःचं नुकसान केलं. कुणी हिशोब मांडले. मला त्या चर्चेत एक गोष्ट खटकत होती: मदतीआधी माणसाची परीक्षा घ्यायची आणि त्यात तो पास झाला तरच हात पुढे करायचा, ही आमची सवय. मी मैदानावर हुशार मुलं वाया जाताना पाहिली आहेत. घरातलं वातावरण, संगत, एखादी दुखापत, हाताशी अचानक आलेला पैसा किंवा अचानक थांबलेला पैसा, कशामुळे कोण घसरेल सांगता येत नाही. घसरलेल्याला उपदेश करायला माणसं पुष्कळ मिळतात. तुम्ही उपदेश केला नाहीत, मदत सुरू केलीत. त्यासाठी वेगळे आभार.

आता मुलांबद्दल. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयविकार असलेल्या बाळांवर, मुलांवर पूर्ण मोफत शस्त्रक्रिया होतात. तिथे बिल भरायची खिडकीच नाही. २०१९ साली, तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाला, तुम्ही तिथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचललात, आणि पुढच्या वाढदिवशी पुन्हा ३५. भारतासाठी तुमची शतकं ३५, म्हणून मुलंही ३५. त्यातली कसोटीतली ३४. उरलेलं एक ३१ ऑक्टोबर १९८७ चं, आमच्या नागपूरचं, विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध अंगात ताप असताना केलेलं नाबाद १०३. त्या दुपारच्या नावावरही एका लेकराचं हृदय दुरुस्त झालं, हा हिशोब मला अतिशय आवडतो.

खेळाच्या शिक्षकाला या विषयाची कळकळ का, तेही सांगते. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेलं मूल वर्गात बाकीच्यांसारखंच दिसतं. मैदानावर मात्र ते अर्ध्या चकरेत खाली बसतं, छाती भात्यासारखी चालते. लहानपणी अंगावर पिताना घाम फुटायचा, वजन वाढत नव्हतं, सारखा न्यूमोनिया व्हायचा, हे आईला विचारल्यावर कळतं. घरचे म्हणतात, अशक्त आहे, जरा मोठं झालं की होईल बरं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की डॉक्टर छातीला नळी लावतात आणि मग ‘हृदयाला भोक आहे’ हे शब्द घरात येतात. त्यानंतर पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला बाप अशा वेळी काय काय विकायला काढतो, ते मी पाहिलं आहे. म्हणून, ज्याने मुलांना धावायला शिकवलं त्या प्रत्येकाच्या वतीने सांगते, ते ३५ आणि ते ३५ आम्ही विसरणार नाही.

करोनाच्या पहिल्या महिन्यांत, २०२० साली, तुम्ही ५९ लाख रुपये दिलेत: ३५ लाख पंतप्रधानांच्या निधीला, २४ लाख मुख्यमंत्र्यांच्या निधीला, कारण मुंबईसाठी तुमची शतकं २४. आकड्यांमागचं हे कारण तुमच्या मुलाने, रोहनने, सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. देशाचं देशाला, मुंबईचं महाराष्ट्राला. इतकी चोख वाटणी आमच्याकडे जुनी कर्ती माणसं करायची.

तुमचं पाहून आम्हीही काही सुरू केलं आहे. आमच्या भागातल्या माजी खेळाडूंनी आणि खेळशिक्षकांनी मिळून दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. राज्य पातळीवर खो-खो खेळलेले एक गृहस्थ आहेत, हमाली करायचे, आता पाठीमुळे होत नाही. त्यांच्या खात्यात पाच तारखेला रक्कम जाते. मोठी नाही, पण चुकत नाही. पहिल्या वेळी ते घ्यायला तयार नव्हते. मी त्यांना गोपाल भेंगरांबद्दल सांगितलं, तुमच्याबद्दल सांगितलं. म्हणाले, गावसकरांचे पैसे तो हॉकीवाला घेतो, मग मी का नको घेऊ. आता या यादीत एका कबड्डीपटू बाईंचं नाव घालायचं चाललं आहे, त्यांचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि शेतमजुरी सुटली. बायका खेळाडूंचं नाव अशा यादीत उशिरा येतं. आम्ही ते लवकर आणायचं ठरवलं आहे.

कधी पुणे-कोल्हापूर रस्त्याने जाणं झालं तर कराडला थांबा. गोळेश्वर तिथून जवळच आहे. आमची पोरं तुम्हाला कुस्ती दाखवतील, आणि ते खो-खोवाले गृहस्थ तुम्हाला भेटायला नक्की येतील. प्रकृतीला जपा. सौ. वहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
कराड तालुक्यातली एक निवृत्त खेळशिक्षिका