सँटा अ‍ॅनाच्या टॉवरमधील कंट्रोलरसाहेबांस जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि आपल्याला मी कधी पाहिलेलेही नाही. कॅलिफोर्नियातील सँटा अ‍ॅनाच्या जॉन वेन विमानतळाच्या टॉवरमधून दिवसभर वैमानिकांशी बोलणाऱ्या आवाजांपैकी एक आवाज आपला, एवढीच काय ती आपली ओळख. या पत्राचे इंग्रजी करून ते आपल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझ्या मुलाने घेतली आहे. मला मात्र आभार आधी मराठीतच मानायचे होते, कारण अर्व्हाइनपासून पुण्यापर्यंत माझी जी माणसे 'या वयात विमान कशाला शिकतेस' म्हणून धास्तावलेली असतात, त्यांनाही आपल्याविषयी कळायला हवे.

त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. या विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या आहेत. एक 5,701 फुटांची, तिच्यावरून प्रवासी जेट विमाने ये-जा करतात. दुसरी 2,887 फुटांची, ती आमच्यासारख्या छोट्या विमानांच्या वाट्याची. दोहोंच्या मध्यरेषांमधले अंतर अवघे 500 फूट आहे. उडत्या विमानाच्या पंखांखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वरच्या कमी दाबाकडे धावते, आणि त्यामुळे दोन्ही टोकांमागे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे तयार होतात. विमान जितके जड आणि जितके संथ, तितके हे भोवरे जोरकस असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचच्या मागे होडी हेलकावते तसाच हा प्रकार आहे, फक्त होडीवाल्याला लाट दिसते आणि आम्हाला काहीही दिसत नाही. जमिनीलगत आलेले भोवरे आडवे सरकू लागतात, आणि मोठ्या धावपट्टीकडून लहानीकडे जेमतेम पाच नॉटचा वारा वाहत असला, तरी मधले 500 फूट ओलांडायला त्यांना मिनिटभरही लागत नाही. जेट निघून गेले, आकाश मोकळे झाले, आता निघायला हरकत नाही असे वाटू लागते, नेमके तेव्हाच ते आमच्या धावपट्टीवर पोचलेले असतात.

ही भीती मला पुस्तक वाचून बसलेली नव्हती. याआधी मी दुसऱ्या शहरातील एका विमान शिकवणाऱ्या शाळेत शिकत होते. तिथल्या विमानतळावर एका मोठ्या विमानामागे उतरताना 'आपण जास्त अंतर मागून घेऊ या' असे मी म्हटले, तेव्हा शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी ते हसण्यावारी नेले, आणि थोड्याच वेळात आमचे सेसना 172 डावीकडे असे काही कलंडले की योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, उजवीकडे पूर्ण फिरवूनही ते दाद देईना. भोवऱ्यानेच आम्हाला बाहेर फेकले म्हणून वाचलो. खाली उतरल्यावर प्रशिक्षक म्हणाले, 'चला, हाही अनुभव गाठीशी आला.' शाळेच्या व्यवस्थापकांनी तक्रार ऐकून घेतली, पण ती लिहून घेण्याची तसदी घेतली नाही. त्या तासाचे बिल मात्र पैन् पै वसूल केले. पुढे कितीतरी दिवस मोठे विमान दिसले की माझे तळहात घामाने ओले होत असत.

म्हणूनच त्या सकाळी आपण जे केलेत ते मला इतके मोठे वाटते. मी विमानात एकटीच होते. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे नको त्याच बाजूचा. शेजारच्या धावपट्टीवरून बोइंग 737 उडाले, आपण वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे याच भोवऱ्यांचा, रीतसर इशारा देऊन मला उड्डाणाची परवानगी दिलीत, आणि मी ती न स्वीकारता आणखी वेळ मागितला. माझ्यामागे रांग लागलेली होती. त्यांतल्या एकाने 'आणखी किती वेळ?' असे रेडिओवर विचारलेच. माझा आवाज कापत होता आणि तो आपल्याला ऐकू गेला असणार. आपण म्हणालात, 'हवा तेवढा वेळ घ्या, घड्याळ मी पाहतो.' आणि मागच्या वैमानिकाला तितक्याच शांतपणे सांगितलेत की पुढच्या विमानाने थांबायचे ठरवले आहे आणि ते योग्य आहे.

'घड्याळ मी पाहतो' या तीन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. इशारा देऊन आपले काम नियमाने संपलेले होते. त्यापुढे सेकंद मोजणे, वाऱ्याकडे लक्ष ठेवणे, मागच्यांची नाराजी सोसणे हा सगळा भार माझा एकटीचा होता, आणि त्यातला एक भाग आपण न मागता उचललात. मधूनमधून वाराही सांगत राहिलात. शेवटी मी निघाले तेव्हा माझा हात थ्रॉटलवर स्थिर होता.

सावधपणाची किंमत याच विमानतळाने मोजलेली आहे. 15 डिसेंबर 1993 रोजी इथे उतरू पाहणारे एक छोटे वेस्टविंड जेट पुढच्या बोइंग 757 च्या भोवऱ्यात सापडून कोसळले आणि पाचही जण गेले. त्यांत 'इन-एन-आउट बर्गर' या अमेरिकी खाद्यगृहांच्या साखळीचे अध्यक्ष रिच स्नायडर होते. त्याच्या वर्षभर आधी मोंटाना राज्यातील बिलिंग्जला एक छोटे सायटेशन जेट असेच 757 च्या मागे येताना कोसळले होते. तेव्हाच्या वर्गवारीत 757 'जड' ठरण्याइतके वजनदार नव्हते, आणि पुढचे विमान पाहून त्याच्यामागे येण्याची परवानगी वैमानिकाने एकदा घेतली की अंतर राखणे त्याच्यावरच सोपवले जाई. नियम बदलले ते या अपघातांनंतर. पुण्याहून फोन करणाऱ्या माझ्या भावाला हे सगळे अमेरिकेतले प्रकरण वाटते. त्याला मी जानेवारी 2017 मधल्या त्या चॅलेंजर विमानाची आठवण देते, जे मालेहून बर्लिनला जाताना अरबी समुद्रावर, हजार फूट वरून गेलेल्या ए380 या अवाढव्य प्रवासी विमानाच्या मागच्या हवेत सापडून उलटेपालटे झाले, हजारो फूट खाली आले आणि कसेबसे मस्कतला उतरले.

नियम पुस्तकात असतात, पण ऐन वेळी ते पाळणाऱ्याला लाज वाटू नये, अशी काळजी घेणारी माणसे फार थोडी भेटतात. बँकेच्या खिडकीशी, दवाखान्याच्या रांगेत, गाडी शिकवणाऱ्याच्या शेजारी, जिथे जावे तिथे 'लवकर आटपा' म्हणणाऱ्यांचीच भरती. आपण त्यांतले नाही, हे आपल्या सोबत काम करणाऱ्यांना बहुधा माहीत असेल. आपल्या वरिष्ठांनाही कळावे, म्हणून मुलाला या पत्राची एक प्रत त्यांच्याकडेही पाठवायला सांगितले आहे.

परवाना आता माझ्या हाती आला आहे. पुढच्या महिन्यात सासूबाई येत आहेत आणि कॅटलिना बेटावर विमानाने जायचे असे त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकले आहे. त्या दिवशीही शेजारून बोइंग गेले, तर मी वेळ मागणार आहे, आणि सासूबाईंना थांबण्याचा फार कंटाळा आहे, हे आधीच कळवून ठेवते.

आपली कृतज्ञ,
छोट्या धावपट्टीवरची एक वैमानिक