ठिगळाखालचा तडा दिसायला हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विमानाच्या सांगाड्यावर सेन्सर बसवून त्यातले तडे वेळीच ओळखण्याच्या तंत्राविषयी अलीकडे बरेच वाचायला मिळते. त्यातला सूर बहुधा असा असतो की, आता विमान स्वतःच आपले दुखणे सांगेल आणि तपासनिसाची गरज उरणार नाही. विमान देखभालीच्या हँगरमध्ये तीस वर्षे, त्यातली बरीचशी एनडीटी विभागात, म्हणजे भाग न तोडता-फोडता त्यातले दोष शोधणाऱ्या विभागात, काढलेला माणूस म्हणून मला या तंत्राची बाजू मनापासून घ्यावीशी वाटते, पण वेगळ्या कारणासाठी. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे सेन्सर सर्वांत आधी बसवायला हवेत ते विमानाच्या जुन्या, मोठ्या दुरुस्त्यांच्या जागी. आणि त्यांनी टिपलेली नोंद, विमानाचा मालक बदलला तरी, विमानाबरोबरच राहायला हवी.

प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो. जेट विमान पूर्ण उंचीवर असताना त्याच्या पत्र्याच्या दर चौरस मीटरवर आतून साधारण पाच टनांहून अधिक जोर पडतो आणि विमान उतरले की तो जातो. म्हणजे प्रत्येक फेरीला विमानाचे धड किंचित फुगते आणि पुन्हा बसते. तार वारंवार वाकवली की तुटते, त्याच न्यायाने रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि फेरीगणिक ती कणाकणाने वाढत जाते. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या पुढच्या भागाचे छप्पर 24 हजार फुटांवर उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाच्या तोवर 89,680 फेऱ्या झाल्या होत्या. विमानात चढताना दाराजवळच्या रिव्हेटच्या ओळीत लांबीच्या दिशेने गेलेली चीर एका प्रवासी महिलेला दिसली होती, पण तिने ती कोणाला सांगितली नाही, असे चौकशीत पुढे आले. हे वाचल्यापासून मी विमानात चढताना दाराशेजारच्या पत्र्यावर एकदा तरी हात फिरवतो.

तरीही त्या अपघातातली चीर निदान बाहेरून दिसण्याजोगी होती. माझी खरी काळजी आहे ती न दिसणाऱ्या चिरांची. 1978 मध्ये ओसाका येथे जपान एअरलाइन्सच्या जम्बो विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली. केबिनमधली दाबाची हवा मागे अडवून धरणाऱ्या दाबरोधक भिंतीच्या दुरुस्तीत जिथे सलग जोडपट्टी हवी होती, तिथे ती दोन तुकड्यांत बसवली गेली आणि रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. त्यानंतर विमानाने बारा हजारांहून अधिक उड्डाणे केली. 12 ऑगस्ट 1985 रोजी ती भिंत फाटली आणि 524 जणांपैकी केवळ चौघे वाचले. चायना एअरलाइन्सच्या जम्बोची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. 1980 मध्ये हाँगकाँगला त्याचीही शेपटी घासली. ओरखडे पडलेला पत्रा कापून टाकण्याऐवजी त्याच्यावरच दुहेरी पत्र्याचे ठिगळ, आमच्या भाषेत डब्लर, मारले गेले. त्या ओरखड्यांतून सुरू झालेले तडे ठिगळाखाली 22 वर्षे वाढत राहिले. 25 मे 2002 रोजी ते विमान तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच मोडले आणि 225 माणसे गेली. आधीच्या वर्षी तपासणीत काढलेल्या छायाचित्रांत त्या ठिगळाच्या कडेला डाग दिसत होते. आजार अंगावर काढणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे आजार अंगावर आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते.

हाताने तपासणी म्हणजे काय, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. एडी करंटचे, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करून चीर शोधणारे, पेन्सिलीएवढे प्रोब एकेका रिव्हेटभोवती फिरवायचे आणि पडद्यावरचा ठिपका उसळतो का ते पाहायचे. रात्रपाळीत, मान वर करून, अशा शेकडो रिव्हेट तपासल्या की बोटे बधिर होतात, आणि त्यातल्या एकीवरही लक्ष ढळून चालत नाही. एका मोठ्या तपासणीत स्वच्छतागृहाखालच्या बीमपर्यंत पोहोचण्यासाठी आम्ही दोन दिवस आतले सामान उतरवत होतो. प्रत्यक्ष चाचणी अर्ध्या तासात आटोपली आणि बीम निर्दोष निघाला. मात्र जुने सीलंट खरवडताना एका सहकाऱ्याने प्लास्टिकच्या पट्टीऐवजी धातूची पट्टी वापरली होती आणि तिच्या टोकाने शेजारच्या पत्र्यावर नखभर ओरखडा उठला होता. रोग शोधायला गेलो आणि रोगाचे बी पेरून आलो असतो. सुदैवाने तो ओरखडा आमच्याच टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसला, तेव्हाच घासून सपाट केला आणि त्याची नोंदही केली.

कायमच्या बसवलेल्या सेन्सरचे मोल इथे कळते. एका प्रकारात बारीक नळ्या कोरलेली पातळ पट्टी संशयित जागी चिकटवतात. एका नळीत निर्वात आणि शेजारच्या नळीत साधी हवा असते. खालच्या पत्र्याला तडा गेला की त्यातून हवा आत शिरते आणि निर्वात टिकत नाही. दुसऱ्या प्रकारात पत्र्यावर चिकटवलेली पिझो चकती, म्हणजे विजेने कंप पावणारी चकती, लहर सोडते आणि बाकीच्या चकत्या ती ऐकतात. माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तसेच हे आहे. विमान निरोगी असतानाचा नाद नोंदवून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक नाद त्याच्याशी ताडून पाहायचा. तिसऱ्या प्रकारात काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाच्या बदलावरून ताण मोजतात. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 'निशांत' या वैमानिकरहित विमानाच्या शेपटीच्या दांड्यांवर हा प्रयोग उड्डाणात करून पाहिला आहे. बोइंग 787 सारख्या विमानांत वजनाने निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा असतो. त्यावर पाना पडला तर वरून खूणही दिसत नाही आणि आत मात्र थर सुटलेले असू शकतात. तिथे चकत्यांची ही टिचकी फार उपयोगी पडते.

यातल्या अडचणी मला मान्य आहेत. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या पत्र्याचा नाद आणि पहाटेच्या गारव्यातला नाद सारखा नसतो. तापमानाचा हिशेब चुकला की सेन्सर उगाच ओरडतो, आणि चार वेळा उगाच ओरडला की पाचव्यांदा त्याच्याकडे कोणी बघत नाही. चकतीचा गोंद सुटला तर तडा नसतानाही तक्रार येते, किंवा तडा असताना शांतता राहते. म्हणून सेन्सर स्वतः धडधाकट आहे ना, हे दरवेळी आधी तपासण्याची सोय नसेल तर तो बसवूच नये. तपासनीसही कमी करू नयेत, कारण सेन्सर जिथे चिकटवला तिथलेच सांगतो आणि माणसाची नजर न सांगितलेल्या जागीही जाते.

आपल्याकडच्या विमान कंपन्यांची बहुतेक विमाने भाडेपट्ट्यावरची असतात. आज इथे उडणारे विमान काही वर्षांनी दुसऱ्या देशात जाते आणि तिसऱ्याच देशात दुरुस्त झालेले विमान आपल्याकडे येते. दुरुस्तीचा कागद त्याच्याबरोबर येतो, पण ठिगळाखाली पत्रा कसा वागतो आहे हे तो कागद सांगू शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने निदान शेपटी घासल्यानंतरच्या आणि दाबाखालच्या पत्र्यावरील मोठ्या दुरुस्त्यांसाठी, विमान उत्पादकांच्या संमतीने, कायमच्या सेन्सरची अट घालण्याचा विचार करावा आणि भाडेपट्टा बदलताना त्यांची मूळ नोंद हस्तांतरित करणे बंधनकारक करावे. सुरुवात करायला नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांचे देखभाल केंद्र आहे आणि लढाऊ विमानांसाठी नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. दोन्हीकडे रिव्हेटवर हात बसलेले कुशल तंत्रज्ञ आहेत. सेन्सरच्या नोंदी वाचायचे प्रशिक्षण आधी त्यांना द्यावे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल तंत्रज्ञ,
डोंबिवली