धनादेश आजोबांच्या नावे काढणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूररेषेतल्या घरांबद्दलचा आपल्या कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून राग आला, म्हणून शांतपणे पुन्हा वाचला, तर जास्तच आला. निळ्या रेषेतल्या, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यातल्या, लोकांची घरं सरकारने बाजारभावाने विकत घ्यावीत, पाडावीत, तिथे बगीचा करावा आणि प्रश्न कायमचा मिटवावा, अमेरिकेत असंच करतात, असं लेखक म्हणतात. इतकं सोपं असतं हे आम्हा सांगलीच्या गावभागातल्या लोकांना माहीतच नव्हतं. आभारी आहोत.

लेखकांनी दिलेली माहिती खोटी नाही, हे आधी सांगतो. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर इलिनॉयमधलं व्हालमेयर हे गाव उठून वर टेकाडावर जाऊन वसलं, हे खरं आहे. त्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने अशा कामांतला आपला वाटा निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर नेला, तेही खरं. पण हा पैसा घरमालकाला मागता येत नाही. अर्ज गावच्या नगरपालिकेने किंवा काउंटीने (आपल्याकडचा जिल्हा समजा) करायचा, तो राज्याकडून केंद्राकडे जातो, मंजूर झाला तर अनुदान येतं आणि मग नगरपालिका घर विकत घेते. पुरापासून व्यवहार पुरा होईपर्यंत पाच वर्षं सहज जातात. हे लेखात कुठे आलंच नाही. कदाचित जागा कमी पडली असेल. माझ्या मागच्या पत्रालाही आपल्याकडे जागा कमी पडली होती. त्यातलं ‘नको’ कापलं गेलं आणि मी ज्या उड्डाणपुलाला विरोध केला होता त्याचा समर्थक म्हणून तीन दिवस लोक मला रस्त्यात अडवत होते. असो.

मला हे सगळं पुस्तकातून कळलेलं नाही. माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो, रॅरिटन नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात. गावाचं नाव देत नाही, त्याला अजून तिथेच राहायचंय. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाचा उरलासुरला पाऊस त्या राज्यावर कोसळला आणि एकट्या न्यू जर्सीत ३० माणसं गेली. मुलाच्या घरात तळघर भरून पाणी वर आलं आणि दिवाणखान्यात कमरेएवढं चढलं. आम्ही इथे सकाळी फोनवर बघत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली तेव्हा तो तिकडून आम्हाला रोज विचारायचा, ‘बाबा, आज किती फूट?’ आता तेच मी त्याला विचारत होतो. फक्त त्यांच्याकडे आकडा इंचांत सांगत होते.

तिथल्या नगरपालिकेने जाहीर केलं की ज्यांना घर द्यायचंय त्यांनी नाव नोंदवावं, केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज करू. सक्ती नाही. पुराच्या आधीच्या बाजारभावाने किंमत मिळू शकेल. मुलाने पहिल्याच आठवड्यात नाव दिलं. खालच्या भिंतींना हात लावू नका, घर पाडायचंच आहे, असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. त्याने बुरशी आलेल्या भिंती छातीपर्यंत कापून काढल्या, नुसते लाकडी खांब ठेवले आणि तिघं माडीवर राहायला गेली. सूनबाई बेडरूममध्ये इंडक्शनवर कुकर लावायची आणि भांडी बाथटबमध्ये घासायची.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. मी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे गेल्या गेल्या पावत्यांचं काम माझ्याकडे आलं. भानगड अशी की पूरविम्याचे पैसे मिळाले असतील आणि ते घरावरच खर्च केल्याचं पावत्यांनी दाखवता आलं नाही, तर तेवढी रक्कम घराच्या किमतीतून वजा होते. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा देऊ नयेत, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, बँकेत मीही तेच केलं असतं. पाणी उपसणारा, पंखे भाड्याने देणारा, बुरशी काढणारा, घर गरम ठेवणारी नवी फर्नेस, इलेक्ट्रिकचा बोर्ड, पाणी तापवायची टाकी, सगळ्यांच्या पावत्या एका बुटाच्या खोक्यात होत्या. त्यातल्या अकरा कोऱ्या निघाल्या. तिकडच्या दुकानांत (आता आपल्याकडेही) तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची छपाई आठ-दहा महिन्यांत उडून जाते. उजेडात तिरपी धरली की आकड्यांची नुसती सावली दिसे. आमच्या सौ.ना कुणीतरी सांगितलं की तो कागद गरम केला की अक्षरं वर येतात. तिने सर्वांत मोठ्या रकमेची पावती घेतली, फर्नेसची, वर रुमाल ठेवला आणि इस्त्री फिरवली. रुमाल उचलला तर पावती काळी कुळकुळीत. त्या रात्री घरात कुणी जेवताना बोललं नाही. शेवटी मी एकेका दुकानाला मेल लिहून दुसऱ्या प्रती मागवल्या, तारखेप्रमाणे लावल्या, अनुक्रमांक घातले, गोषवारा केला आणि नाडी बांधून फाइल तयार केली. एकूण ६३ पावत्या. त्यात ती काळीही होती, सोबत खुलासा जोडला होता.

ऑक्टोबरमध्ये घरखरेदीच्या अर्जाबद्दल बैठक होती, मुलाबरोबर मीही गेलो. समोरच्या बाई अतिशय सौजन्याने वागल्या, हे नमूद करायला हवं. टेबलावर गोळ्यांची वाटी होती, ती माझ्याकडे सरकवली. फाइल चाळली आणि इतकी व्यवस्थित फाइल मी आजवर पाहिली नाही, असंही म्हणाल्या. मग एक छापील अर्ज पुढे केला. नागरिक आहात की ग्रीन कार्ड आहे? मुलगा म्हणाला, दोन्ही नाही, नोकरीचा एच-१बी व्हिसा आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. ती रांग आपल्या लोकांना दहा-दहा वर्षं पुरते, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगत नाही. सांगलीत गल्लीला असं एक घर सापडेल. बाई थोडा वेळ थांबल्या. मग फाइल बंद करून माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, ‘मग पावत्या लागणार नाहीत.’

मला वाटलं काम झालं. मुलाचा चेहरा बघितल्यावर कळलं.

नियम असा आहे की पुराच्या आधीचा भाव फक्त तिथल्या नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाला, आश्रय मिळालेला निर्वासित वगैरे कायद्याने ठरवलेल्या लोकांना देता येतो. इतरांना घराचा आजचा भाव. आणि भाव आजचाच द्यायचा तर विम्याची वजावट कशाला, म्हणून पावत्या लागत नाहीत. आजचं घर म्हणजे काय, तर छातीपर्यंत भिंती नसलेलं, त्यांच्याच सांगण्यावरून तसं ठेवलेलं. आकडा यायला २०२४ उजाडलं. बँकेचं कर्ज फेडायलाही तो पुरत नव्हता. घरातला एकमेव अमेरिकन नागरिक म्हणजे माझा नातू. तो तेव्हा चार वर्षांचा होता आणि घर त्याच्या नावावर नव्हतं. याहून गंमत सांगतो. घर विकत घेताना आतल्या भाडेकरूला तिथे कायद्याने स्थलांतराचा खर्च देतात. म्हणजे हा गडी त्याच घरात भाड्याने राहत असता तर बऱ्या अवस्थेत बाहेर पडला असता. मालक होता म्हणून अडकला. कर मात्र त्याच्याकडून सगळे नागरिकाइतकेच घेतात, त्यात कुणी व्हिसा विचारत नाही.

त्याने नाव मागे घेतलं, पदरच्या पैशाने भिंती बांधल्या. डावीकडचं आणि उजवीकडचं घर नगरपालिकेने घेतलं. ताबा मिळाल्यापासून ९० दिवसांत पाडायचं असतं, तशी ती पाडली. त्या जमिनीवर पुन्हा कधीही बांधकाम होणार नाही. आता दोन्ही बाजूंना नुसतं गवत, त्यात बदकं फिरतात, आणि मधे आमच्या चिरंजीवांचं घर, पडलेल्या दातांमध्ये एक दात उरावा तसं. लेखकांच्या डोळ्यांपुढे जो बगीचा आहे ना, तो हा. मोठा पाऊस सांगितला की पासपोर्ट, कागद, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो माडीवर नेतो. आम्ही इथे सिलिंडर माळ्यावर चढवतो.

आता सांगलीकडे येतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, याबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर लिहायला आपल्याकडे रोज कुणीतरी असतंच. माझा लेखकांना साधा प्रश्न आहे. घर विकत घेणार म्हणजे कुणाकडून? आमच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून माझ्या आजोबांचं नाव आहे. ते १९६४ साली वारले. त्यांचे चार मुलगे, त्यांची आम्ही अकरा भावंडं, त्यातली दोन बोलत नाहीत. २०१९ च्या पुरानंतर पंचनाम्याला आलेल्या तरुणाने कार्ड बघून प्रामाणिकपणे विचारलं होतं, ‘हे आजोबा घरी आहेत का?’ सानुग्रह मदतीच्या वेळी आम्ही संमतीपत्रांच्या मागे हिंडलो तेवढ्यात दिवाळी उलटली होती. त्या हिशेबाने आख्खं घर विकायला किती दिवाळ्या लागतील? आणि आमचं निदान कार्ड तरी आहे. शामरावनगरात गुंठेवारीत, म्हणजे बिनपरवाना पाडलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांत, ज्यांनी नोटरीच्या कागदावर जागा घेतल्या त्यांच्याकडून सरकार काय विकत घेणार, नोटरीचा शिक्का? पाणी त्यांच्याच घरात सर्वांत आधी शिरतं.

लेखक म्हणतात, लोक भावनेपोटी नदीकाठ सोडत नाहीत. १९८९ च्या पुरानंतर कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला भूखंड दिले होते, तरी गावं २०१९ ला पुन्हा पाण्यात गेली, असा दाखलाही दिलाय. भूखंड म्हणजे घर नव्हे, आणि गोठा, शेत, दूध डेअरी खालीच राहते, याला भावना म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मी स्वतः घर द्यायला आज तयार आहे. माझे गुडघे गेलेत, माळ्यावर सिलिंडर आता मला चढवता येत नाही. फक्त धनादेश आजोबांच्या नावे काढणार, की अकरा भावंडांच्या, की त्यातल्या बोलणाऱ्या नऊ जणांच्या, एवढं लेखकांनी पुढच्या लेखात लिहावं. कागद लागणार असतील तर तेही आताच सांगावं, मी गोषवारा करून ठेवतो.

पत्र लांबलं आहे, कापावं लागेल हे कळतं. कापायचंच झालं तर व्हालमेयर कापा, इस्त्रीचं राहू द्या. आणि या वेळी ‘नको’ असा शब्द मी कुठे वापरलेला नाही, तेव्हा तेवढी काळजी नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
गावभाग, सांगली
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)