खांबामागची जागा

पुणे, सोमवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" आणि मी "छान झाला" म्हणून विषय संपवला. तसं सांगितल्याची रात्रभर चुटपुट लागून राहिली. म्हणून आज कॉलेजातून आल्या आल्या लिहायला बसले आहे. चहासुद्धा नंतर.

शनिवारी सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला गेले. तुम्ही दोघं १९८२ साली सवाईला गेला होतात, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. एक घोंगडी, एक थर्मास, रात्रभर जागरण, आणि भीमसेनजी गायला बसले तेव्हा पूर्वेकडे उजाडत होतं. आता महोत्सव मुकुंदनगरला असतो आणि रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचा नियम आल्यापासून तसं जागरण उरलेलं नाही. पण डिसेंबरची थंडी, शाली, सतरंजीवर अंग चोरून बसणं, आणि गाण्यातली एखादी जागा आवडली की शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून मान डोलावणं, हे सगळं तुम्ही सांगायचात तसंच आहे. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ हे सुरू केलं आणि अजून लोक तितक्याच ओढीने येतात, याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

मला पोचायला उशीर झाला. भारतीय बैठक भरत आली होती आणि जागा मिळाली ती मांडवाच्या एका लोखंडी खांबामागे. तिथून गायिका दिसेचना. दिसत होती तिच्या मागे तंबोरा घेऊन बसलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी, आणि तबलजींचा डग्ग्यावरचा हात. बाकी सगळं खांबाआड. सुरुवातीला वाईट वाटलं. मग सव्वा तास मी त्या मुलीकडे आणि त्या हाताकडेच बघत राहिले.

आई, ती मुलगी अगदी तुझ्यासारखी बसली होती. पाठ ताठ, नजर खाली, मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने पुढच्या तीन. पुढे गाणं चढत गेलं, ताना सुरू झाल्या, लोक वाहवा करू लागले, तरी तिच्या हाताचा वेग जरासुद्धा वाढला नाही. तंबोऱ्याला तबल्याच्या लयीशी काही देणंघेणं नसतं हे मला माहीत होतं, पण ते डोळ्यांनी पाहिलं कालपरवा. आपल्या गाण्याच्या बाईंच्या बैठकीत तू वीस वर्षं तशी बसलीस. मी समोर, पहिल्या रांगेत, आणि माझं सगळं लक्ष बाईंकडे. तू तंबोरा जुळवायला वेळ लावायचीस त्याचा तर मला राग यायचा. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, पुन्हा कान लावायचा, मग तारेखालचा तो जवारीचा दोरा घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, केसभर पुढे, केसभर मागे. मी कुरकुरले की म्हणायचीस, "लागू दे गं आधी."

राग मारवा होता. बाहेर नेमका सूर्य मावळत होता. मारव्याला पंचम नाही, म्हणून एरवी पंचमात लावतात ती पहिली तार निषादावर लावलेली. आणि मारव्याची गंमत तुम्हा दोघांना मी काय सांगायची, पण मला ती पहिल्यांदा कळली म्हणून लिहिते. गायिका षड्जावर, घरच्या 'सा'वर, येतच नव्हती. निषादावरून उचलून कोमल रिषभावर थांबायची, गंधाराला स्पर्श करून धैवतावर जायची, पुन्हा निषाद, पुन्हा रिषभ. घराच्या दारापर्यंत यायचं आणि उंबरा न ओलांडता परत फिरायचं. जीव कासावीस होत होता. आणि तो तसा होत होता, कारण मागे ती मुलगी सतत षड्ज वाजवत होती. घर तिथे होतंच, दिवा लावलेलं. तंबोरा नसता तर रिषभाला ती तळमळ आलीच नसती. शेवटी किती तरी वेळाने गायिका षड्जावर येऊन स्थिरावली, तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. मीही.

इतकी वर्षं मी मुलांना कंपनं आणि उपस्वर शिकवते आहे, आणि तंबोऱ्याचा विचार फक्त परीक्षेच्या प्रश्नापुरता केला. तार नेमकी मधोमध छेडली तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू तिथे येतो ते उमटायला नकोत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. कारण ती रुंद, किंचित बाक दिलेली घोडी आणि तुझा तो दोरा. तार घोडीला पुन्हा पुन्हा शिवत राहते आणि एका सुरातून अनेक सूर झिरपत राहतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो असा, कुणी न वाजवता. बाई त्याला स्वयंभू गंधार म्हणायच्या. तू दोरा केसभर सरकवायचीस तेव्हा तो गंधार शोधत होतीस ना? मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आई.

आता बाबा, तुमच्याबद्दल.

विलंबित एकताल होता. मी घड्याळ लावून पाहिलं, एक आवर्तन ५२ सेकंदांचं. बारा मात्रा, म्हणजे एकेक मात्रा चार सेकंदांहून मोठी. इतक्या पसरलेल्या लयीत पुढची मात्रा कुठे पडणार हे आतून ठाऊक असावं लागतं. लहानपणी तुम्ही मला खूण सांगितली होतीत, ती आठवली. तिरकिट ऐकलं की चौथी मात्रा असेल नाही तर दहावी. पुढे 'तू ना' आलं तर चौथी, अजून बरीच वाट आहे. 'धी ना' आलं तर दहावी झाली, आता सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. मी मांडीवर बोटं मोजत बसले आणि तीन आवर्तनांनंतर मला सम सापडायला लागली. काय आनंद झाला म्हणून सांगू! गायिका मुखडा घेऊन निघायची, उशीर झालाय असं वाटायचं, आणि नेमकी त्या 'धिं'वर येऊन पडायची. सगळा मांडव एकदम श्वास सोडायचा.

पण तो 'धिं' तिथे कुणीतरी ठेवलेला असतो. त्या तबलजींनी पाऊण तास नुसता ठेका धरला. एक भराव जास्तीचा नाही. गायिका लयीला झोल देऊन पुढे जायची, मागे यायची, आणि त्यांच्या दोन मात्रांमधलं अंतर तसूभर हललं नाही. डग्ग्यावर मनगट हळूच पुढे सरकायचं आणि घुमारा वर चढून विरायचा, इतकीच काय ती हालचाल. त्या मनगटाकडे बघताना तुम्हीच दिसत होतात.

बाबा, मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची ती कार्यक्रमपत्रिका तुम्हाला आठवते का? गायकाचं नाव ठळक, संवादिनीवाल्यांचं त्याखाली, आणि मग 'तबला साथ : स्थानिक कलाकार'. मी रडून गोंधळ घातला होता. तुम्ही काही न बोलता हातोडी घेतलीत आणि गट्ट्यांवर ठोकत तबला काळी एकच्या सुराला लावत बसलात. मला वाटलं तुम्हाला मान-अपमानाचं काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे मी तेव्हा म्हणाले होते, "तुम्ही एकटे का वाजवत नाही? नुसता ठेका तर कुणीही धरेल." ते वाक्य गेली कित्येक वर्षं माझ्या मनात अडकलं आहे. कुणीही धरेल असा ठेका नसतो तो. शनिवारी ५२ सेकंद मोजताना माझी एकदा नव्हे, चार वेळा मात्रा चुकली, आणि मी तर फक्त बोटं मोजत होते. मला माफ करा.

बाईंच्या क्लासात दारावर पाटी होती, 'श्रुतिर्माता लयः पिता'. मला ते एखाद्या सुभाषितासारखं वाटायचं, पाठ करून विसरून जाण्याजोगं. पण आपल्या घरात ते शब्दशः खरं होतं. आई तंबोऱ्यावर, बाबा तबल्यावर, आणि मी या दोघांच्या मधे सतरंजीवर झोपलेली.

द्रुत तीनतालात होतं. तेव्हा त्या तबलजींचा हात पहिल्यांदा मोकळा सुटला आणि लोकांनी टाळ्या दिल्या. मला मात्र तालातल्या 'खाली'ची जागा आवडली. आठ मात्रा डग्गा घुमतो आणि मग 'तिं तिं ता'ला एकदम गप्प होतो. फक्त उजव्या हाताचा कोरडा नाद. आणि पुन्हा 'धिं धिं धा' म्हणत डग्गा परत येतो. तुम्ही मला हातावर टाळी देऊन शिकवायचात आणि नवव्या मात्रेला हात हवेत उलटा करायचात. मी खांबामागे बसून तसाच हात उलटा केला.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत मी मंचाच्या कडेला गेले. ती मुलगी तंबोऱ्याला गवसणी घालत होती. तिला म्हटलं, "फार सुंदर वाजवलंत." ती गोंधळून मागे बघायला लागली, मी दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे असं वाटून. मग हसली. तिच्या तर्जनीच्या टोकाला घट्टा होता, आई, तुझ्यासारखाच.

येत्या शनिवारी कोयना एक्स्प्रेसने मिरजेला येते आहे. दोन दिवस राहीन. आपला तंबोरा किती वर्षं कपाटाच्या कोपऱ्यात गवसणीत उभा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी वर्तमानपत्राचं कात्रण कौतुकाने सगळ्यांना दाखवलं आणि घरातला तंबोरा काही उघडला नाही. रविवारी सकाळी आई आणि मी सतारमेकर गल्लीत जाऊ आणि त्याची जवारी काढून आणू. बाबा, तुमच्या बोटांचे सांधे दुखतात, तबल्यावर हात ठेवायचा आग्रह मी करणार नाही. पण विलंबित एकताल मला हातावर नीट शिकवा. चौथ्या मात्रेपाशी मी अजून घाई करते.

आई, भोपळ्याला तडा गेलेला नाही ना, एवढं गवसणी काढून बघून ठेव. आणि जोडाची तार तुटली होती की खर्जाची, तेही बघ.

तुमची,
ताई