आईनं सगळ्यांना चहाला बोलावलंय

विलेपार्ले (पूर्व)
३ डिसेंबर

प्रिय सुध्या,

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसला असतास आणि माझं म्हणणं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय. घरी सगळे बरे. आईचं बीपी गोळीवर आहे, गुडघे दुखतात, पण जिना चढते-उतरते. मी ठीक.

आपली बिल्डिंग पाडून नवी बांधायचं नक्की झालं. ३१ जानेवारीला चाव्या द्यायच्या, मग भोवती पत्र्याचं कुंपण लागणार. मागच्या आठवड्यात त्यासाठी सोसायटीची मीटिंग होती. भाडं किती, डिपॉझिट कधी, पार्किंग कुणाला, विमानतळामुळे मजले किती मिळणार, हे सगळं दोन तास चाललं. शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का. आई उठून उभी राहिली. म्हणाली, "जायच्या आधी एकदा सगळ्यांनी आमच्याकडे चहाला यायचं. जे सोडून गेलेत त्यांनाही मी कळवणार आहे." आणि बसली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, तळमजल्यावरची आँटी रडायला लागली, आणि पार्किंगचा मुद्दा तसाच राहिला.

रविवार, २१ तारीख. चाळीसेक माणसं.

आमच्या हिनं विचारलं, आई, जेवणच ठेवू या का, हॉल घेऊ. आई म्हणाली, नाही, चहाच. मला आधी वाटलं खर्चाचा विचार करते. तसं नव्हतं. तूच आठवून बघ, आपल्या बिल्डिंगीत कोण कुणाकडे जेवायला गेलं? गुजराती बेनकडे कांदा-लसूण चालायचं नाही, आँटीकडे आपल्या आज्या पाणी प्यायच्या नाहीत, तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी घरात बुधवार-रविवारी मासे, त्या दिवशी मास्तरांचं दार बंद. पण चहाला? चहाला सगळे सगळ्यांकडे. चार वाजता कुणाच्याही दारात उभं राहिलं की कप पुढे यायचा आणि बशीत त्या घरचं काहीतरी असायचं. माझी आज्जी, जी आँटीच्या घरचं पाणी पीत नव्हती, ती नाताळात तिच्या गोड, तळलेल्या कलकलांनी भरलेली वाटी मांडीवर घेऊन बसलेली मी पाहिलीय. दुधातुपातलं चालतं, म्हणायची. आईला हे सगळं एका ताटलीत परत बघायचंय. म्हणून चहा.

आता बेत. चिऊनं एका केटररची यादी आणली. चीज बॉल, मिनी पिझ्झा, ब्राउनी, शिवाय "लाइव्ह काउंटर". पोरीचा उत्साह खरा आहे आणि ब्राउनी मलाही आवडते. पण आईचा हिशोब वेगळाच निघाला. तिनं पदार्थांची यादी केलीच नाही, घरांची केली. तळमजला, आँटी: कलकल. पहिला मजला, मास्तरांकडची: दडपे पोहे. तिसरा मजला: नारळाच्या वड्या, त्यात थोडं बीट घातलेल्या, गुलाबी. आमच्याकडची: नानकटाई आणि मटारच्या करंज्या. माईकडची: कोथिंबीर वडी. आणि ज्या घरातलं करणारं माणूस आता नाही, त्यांचं आपण करायचं. हे ती इतक्या सहज म्हणाली की मी नुसता मान हलवत राहिलो.

ताटलीबद्दल तिचं एक शास्त्र आहे, तुलाही ऐकवलं असेल. दोन गोड, तीन तिखट. तिखटातलं एक तळलेलं, एक वाफवलेलं किंवा मऊ, एक ओलसर. पाचही कुरकुरीत ठेवलेस तर माणूस दोन घास खाऊन पाणी मागतं, आणि पाचही मऊ ठेवलेस तर आजारपणातलं खाल्ल्यासारखं वाटतं. गोड आधी द्यायचं, मग तिखट, मग चहा. उलट केलंस आणि गोडावर चहा दिलास की तोच चहा पाणचट लागतो, आणि बायका घरी जाऊन म्हणतात चहात साखर कमी होती. यावर मी तिला तुझं ते इंग्लंडातल्या डेव्हनचं वाचून दाखवलं, की तुमच्याकडे स्कोनवर, म्हणजे त्या चहाबरोबरच्या छोट्या पावावर, आधी क्रीम मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, आणि त्यावरून माणसं हिरिरीनं भांडतात. तिला फार बरं वाटलं. म्हणाली, "म्हणजे सुध्या चांगल्या ठिकाणी राहतो."

पण चाळीस माणसांसाठी ही ताटली भरायची म्हणजे काय ते मी आठवडाभर मनात मांडतोय. निम्मी माणसं पंचाहत्तरीच्या पुढची. मास्तरांना कवळी. माईला साखर. बेन सूर्यास्तानंतर काही खात नाही, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, म्हणून चहा चारला. साडेचार नाही, चार. तिला आलंही चालत नाही, जमिनीखालचं. तेव्हा चहाची दोन पातेली: एकात आलं, एकात नुसता गवती चहा आणि वेलची. आल्याच्या पातेल्याचं काम मी स्वतःकडे घेतलंय. आलं पाण्यात आधी चांगलं उकळायचं आणि मगच दूध. कच्चं आलं सरळ दुधात ठेचून टाकलं की दूध फाटतं, आणि चाळीस माणसं बसलेली असताना दोन लिटर दूध फाटणं मला झेपणार नाही.

कोथिंबीर वडीची मला काळजी नाही. या दिवसांत जुडी स्वस्त आणि हिरवीगार असते, आदल्या दिवशी उंडे वाफवून ठेवायचे, गार झाले की नीट कापले जातात, दुसऱ्या दिवशी नुसत्या तळायच्या. दडपे पोहेही आयत्या वेळी होतात. पातळ पोहे, खवलेला ओला नारळ, नारळाचं पाणी, वर फोडणी, आणि अर्धा तास वजनाखाली दडपलं की झालं. मास्तरांच्या बायको वर पाट्यावरचा वरवंटा ठेवायच्या, आठवतं? तो वरवंटा अजून आहे. मास्तर स्वतः घेऊन येणार आहेत. बेनसाठी कांदा न घातलेले एका वाडग्यात वेगळे.

मटारच्या करंज्या मात्र नखरेल. मटार आत्ता गोड आहे, सारण सुरेख होतं, पण तळून तासभर ठेवल्या की आतल्या वाफेनं पारी मऊ पडते. म्हणजे भरून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि माणसं आली की तळायला घ्यायच्या, मंद आचेवर. त्याचा अर्थ कुणीतरी एक जण सगळा वेळ स्वयंपाकघरात. आई म्हणते ती उभी राहील. तिला त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. तिनं बाहेर बसायचं, सगळ्यांच्या मध्ये.

नानकटाई चिऊ करणार. घरच्या ओव्हनमध्ये. दोन वाट्या मैद्याला वाटीभर तूप आणि वाटीभर पिठीसाखर, थोडा रवा आणि बेसन. तूप पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं, बाकी काही कठीण नाही. मी तिला आपलं सांगितलं, मे महिन्यात मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीसमोरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघायची. तिला खरंच वाटेना की लोक घरचं सामान देऊन भाजून आणायचे. आणि सुध्या, त्या वर्षी डबे बदलले ते तुझ्यामुळेच. आमचा डबा निळ्या झाकणाचा होता. तुमच्या घरी आमच्या तुपाची नानकटाई खाल्ली गेली आणि आम्ही डालड्याची खाल्ली. हा वाद मी इमारत पाडल्यावरही सोडणार नाही.

आणि ग्लुकोज बिस्किटं. आईनं आवर्जून सांगितलंय, एका ताटात सुटी मांडून ठेवायची, पुडा फोडून. दात नसलेल्यांना बुडवून खाता येतात हे एक. दुसरं तुला सांगायला नको. १९२९ सालचा कारखाना, शाळेतून येताना त्या वासानं पोटात खड्डा पडायचा. २०१६ मध्ये तो बंद झाला तेव्हा तू तिकडून फोन केला होतास, पार्ल्याला आता वास कशाचा येतो म्हणून. डिझेलचा, असं मी म्हणालो होतो. आता सिमेंटचा येतो.

तुझ्या मुलीला कॉलेज मिळालं, फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींचा खांदा कसा आहे? शेकत जा म्हणावं. तुझ्या नव्या कामाचं सविस्तर लिही, मागच्या वेळी दोन ओळींत उरकलंस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आईच्या यादीत दुसरा मजला, तुमचं घर, आहे. पुढे लिहिलंय: सुरळीच्या वड्या. आणि त्यापुढे कुणी करायच्या ते लिहिलेलं नाही.

तुला माहीत आहे, काकू गेल्यापासून आमच्या घरात सुरळीच्या वड्या झालेल्या नाहीत. आईला येतात. तरी तिनं केल्या नाहीत. कधी कुणी सुचवलं तर म्हणते, ती तिची वस्तू. मला वाटलं होतं कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडून आणू, किलोवर मिळतात, चांगल्या असतात. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

मग बुधवारी बेनचा फोन आला, कांदिवलीहून. आमंत्रणानं खूश होती, मुलगा सोडायला येणार म्हणाली. आणि मग म्हणाली, "खांडवी मी करून आणते." खांडवी म्हणजे त्यांच्याकडच्या सुरळीच्या वड्याच. आईनं "बघू" म्हटलं, फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "तिला हो म्हणावं का रे?"

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? हिला सांगितलं तर ती म्हणाली, करू देत की, हौसेनं करतेय म्हातारी. तिला कुठे माहीत आहे ती लढाई. काकूंच्या वड्या सैल, मऊ, आत खोबरं-कोथिंबीर. बेनच्या घट्ट, एकसारख्या, वर तीळ. गॅलरीतून एकमेकींना ताटल्या जायच्या आणि दोघी दुसरीची खाऊन "छान आहे, पण" एवढंच म्हणायच्या. त्या "पण"वर आपलं बालपण गेलं. आणि तुझ्या ताईला बघायला आले त्या दिवशी, आपण दोघांनी मागच्या खोलीत आख्खी परात संपवली तेव्हा, समोर ठेवायला बेननंच आपली ताटली पाठवली होती, न बोलता, पदराखाली झाकून. पाहुण्यांनी वाखाणल्या. काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या आमच्या शेजारणीच्या हातच्या." तशी काकूच सांगू शकायची. लग्न जमलं ते त्या वड्यांमुळे असं बेन अजून म्हणते.

म्हणून मला वाटतं, दोन्ही हव्यात. बेनच्याही आणि काकूंच्याही, शेजारी शेजारी. बेननं तिच्या आणाव्यात. काकूंच्या मी कराव्यात, म्हणजे तुझी हरकत नसेल तर. तू हरकत घेतलीस तर मी समजून घेईन, खरंच. पण त्या ताटात दुसरा मजला नसावा हे मला सोसवत नाही. तुमच्या घरात आता राहतात ती माणसं चांगली आहेत, तीही येणार आहेत, पण तुमचं घर म्हणजे काकूच.

काल करून पाहिल्या. वाटीभर बेसन, वाटीभर आंबट ताक, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग, आलं-मिरचीचं वाटण. गुठळी राहू नये म्हणून गाळून घेतलं, आणि हात न थांबवता ढवळत राहिलो, थेंब ताटलीवर पसरून सुटतोय का बघत. सुटल्या. गुंडाळल्याही गेल्या. आईनं एक खाल्ली, दुसरी घेतली, म्हणाली चव जवळ आलीय, पण तिची अशी नव्हती. काय कमी आहे ते तिला सांगता येईना.

तेव्हा मला एवढं कळव, रविवारच्या आत, फोन कर हवं तर. आतल्या खोबऱ्यात साखर असायची का? मला किंचित गोड आठवतं, आई म्हणते मुळीच नाही. ताक किती आंबट, एका दिवसाचं की दोन? आणि काकू पीठ कशावर पसरायच्या? मला परातीची पालथी बाजू आठवते, आई म्हणते थेट ओट्याच्या कडप्प्यावर, तेल न लावता. ताईलाही विचार, तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. काकूंची वही तिच्याकडे असली तर त्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
नंदू

ता.क. तिकिटं महाग असतील हे मला कळतं, नाताळाचे दिवस आहेत. तरी आईनं चाळीसच्या हिशोबात तुला धरलंय. मी तिला काही बोललो नाही.