रविवारची साफसफाई : येणाऱ्यांनी आधी वाचावे

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मैदानाच्या मागच्या भिंतीपाशी जमायचे आहे. पायात बूट हवेत, चप्पल नको. तिथल्या गवतात फुटक्या बाटल्यांच्या काचा आहेत. काच सापडली तर तशीच पिशवीत टाकू नका. जाड कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा. हात कापतो तो पुढे पिशवी उचलणाऱ्याचा, म्हणून आपण हे विसरतो. इंजेक्शनची सुई दिसली तर हात न लावता गटप्रमुखाला हाक मारा. पालापाचोळा वेगळा ठेवा. जाळायचा अजिबात नाही, त्याचे खत करू.

भिंत रंगवायची हौस सगळ्यांनाच, खरवडायला मात्र कोणी फिरकत नाही! जुने पोपडे काढून, धुतलेली भिंत पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर लावता येत नाही. त्यामुळे रंगकाम त्याच्या पुढच्या रविवारी. झाडांच्या बुंध्यांना ऑइलपेंट फासायचा नाही. त्यांत ठोकलेले खिळे पक्कडीने जरूर काढा.

नव्या रोपांना पाणी घालायची पाळी कोण घेणार, ते शुक्रवारपर्यंत कळवा. नावे आली नाहीत तर रोपे आणणार नाही.